अब्बांच्या नावाचं डोमेन

मिरजेतल्या यास्मिनच्या घरच्या सतारीच्या दुकानाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, अब्बांच्या नावाचं होतं. जुन्या कंपनीचे दर परवडेनात, म्हणून यास्मिनने ते स्वस्त कंपनीकडे हलवायचं ठरवलं. पण त्यासाठी लागणारा कोड थोरल्या भावाकडे होता, आणि तो भांडून वेगळा झाल्यापासून तीन वर्षं दोघांत बोलणं नव्हतं.

शेवटी तिने फोन लावला. तो नावावर हक्क सांगेल, अशी तिला धास्ती होती.

"लिहून घे," एवढंच तो म्हणाला. एकेक अक्षर त्याने सावकाश सांगितलं.

फोन न ठेवताच नव्या कंपनीचा फॉर्म भरताना ती थबकली.

"भाईजान, अडचणीसाठी दुसरा नंबर मागताहेत. तुमचा देऊ?"



"दे," तो म्हणाला. "आणि अडचण नसली तरी फोन करत जा."