लवूला सोबत

साबीरच्या खोलीत पाणी गुडघ्याच्या वर आलं होतं आणि पासष्टीचे सर्फराजचाचा पायजमा खोचून, त्याची गादी डोक्यावर घेऊन जिना चढत होते.

रात्रभर गारांसकट पाऊस कोसळला होता. आखातातल्या या जलीब वस्तीची गटारं एरवीही तुंबलेलीच, त्यात जानेवारीतलं हे वादळ. पहाटेपर्यंत तळमजला बुडाला. तेव्हापासून वरच्या मजल्यांवरची माणसं खाली उतरून सामान उपसत होती. शेजारच्या केरळवाल्यांकडे पाणी जास्त होतं, तरी तेच म्हणाले, "पहले साबीर का निकालो." साबीरला संकोच वाटला. इतकी चांगली माणसं आपल्या वाट्याला आली, असंही वाटलं.

वर सुरैयाचाचीने त्याला बळेच बसवून चपाती आणि अंडं खायला लावलं. चाचांनी त्याचा मोबाईल मागून घेतला.

"पाणी शिरलंय त्यात. चालू करू नको," म्हणाले आणि तो तांदळाच्या डब्यात खुपसला. साबीरला तो कोरडा वाटत होता, पण चाचांनी वीस वर्षं वायरमनची कामं केली होती. त्यांच्याशी कोण हुज्जत घालणार?

मग चाचांनी त्याला जिन्यात नेलं.

"लवूचे वडील गेले पहाटे. त्याला सिरियस आहेत एवढंच सांगितलंय."

लवू सुतार साबीरच्याच गावचा, दापोलीकडचा. दोघं एकाच शाळेत शिकले होते.

यात लपवाछपवी काही नवी नव्हती. आखातात कोणाचं माणूस गेलं तरी ते सिरियसच असतं, घरचा उंबरा दिसेपर्यंत. वाटेत कोणी कोसळलं तर सांभाळणार कोण? साबीरनेही आजवर दोघांना अशीच थाप मारून विमानात बसवलं होतं.

"लोक तिकडे थांबलेत," चाचा म्हणाले. "आजची फ्लाइट चुकली तर पोराला बापाचं तोंड दिसणार नाही. तू सोबत जा. आणि चेहऱ्यावर काही दाखवू नको."

"पण माझी सुट्टी?"

"झाली."

साबीर बकाल्यात, म्हणजे किराण्याच्या दुकानात, कामाला होता. दोन दिवसांच्या रजेसाठी आठवडाभर झुलवणारा त्याचा शेठ, पण चाचांच्या एका फोनवर हो म्हणाला. देशाबाहेर जायचं एक्झिट परमिटसुद्धा तासाभरात आलं. वादळानंतर माणसं मऊ होतात, साबीरच्या मनात आलं. त्याचे कपडे चाचीने इस्त्री करून बॅगेत भरलेही होते.

विमानतळ तसा जवळ, पण रस्त्यावर गाड्या बोनेटपर्यंत बुडालेल्या. पाण्याचा टँकर चालवणारा राजन म्हणाला, "गप बसा. मी पोचवतंय." आणि गल्लीतली पाच-सहा माणसं कंबरभर थंड पाण्यात उतरून, काठ्यांनी उघडी मॅनहोल चाचपत टँकरच्या पुढे चालली. एकाच्या पायाला पत्रा लागला, तरी तो मागे फिरला नाही. मोठ्या रस्त्याला लागल्यावर साबीरने मागे वळून पाहिलं. सगळे तिथेच कुडकुडत उभे होते. तो शेजारी बसलेल्या लवूकडे वळला.

"लवू, तुझ्यासाठी काय केलं नाही रे या लोकांनी."

लवू बाहेर बघत राहिला. "हो. खूप केलं," एवढंच म्हणाला.

दोन्ही बॅगा लवूनेच उचलल्या. विमानात साबीरने त्याला जेव म्हणून आग्रह केला, तर त्याने स्वतःची दह्याची वाटीही साबीरपुढे सरकवली.

"तू खा. घरी पोचेपर्यंत परत मिळायचं नाही."

बाप सिरियस आहे आणि हा माझ्या पोटाची काळजी करतो, साबीरला वाटलं. उद्या खरं कळलं की काय होईल याचं? त्याला काय सांगायचं, कसं धरायचं, याची तो चार तास मनात जुळवाजुळव करत राहिला. मधेच अब्बांची आठवण आली. तेही लवूच्या वडिलांच्याच वयाचे, खोकला होताच. उतरल्यावर लवूच्या फोनवरून त्यांच्याशी बोलायचं, असं त्याने ठरवलं.

मुंबईत उतरले तेव्हा संध्याकाळ होत आली होती. दारातून बाहेर पडताना साबीरने लवूचं कोपर घट्ट धरलं आणि गर्दीत त्याचा भाऊ बाळा दिसतो का पाहिलं. बाळा नव्हता. कठड्यापाशी साबीरचाच थोरला भाऊ यूसुफ उभा होता. लवूच्या दुःखात आपला भाऊ दापोलीहून धावत आला, हे बघून साबीरला भरून आलं.

यूसुफ पुढे आला. त्याने साबीरलाच मिठी मारली, आणि सोडलं नाही. मग साबीरच्या खांद्यावरून त्याने लवूकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "याला अजून काही सांगितलं नाहीस ना?"