न्हाणीतली झाडं

वच्छलाबाई गेल्याचं कळलं तेव्हा विठ्ठलराव टँकरच्या रांगेत होते. एरवी पाणी बायकोच भरायची. तीन हंडे भरून झाले होते. चौथा त्यांनी पाइपाखाली धरला. पाणी वाटणाऱ्या कौशल्याबाई काहीतरी म्हणायला लागल्या, तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

बीडहून मेव्हणा बोलत होता. बहिणीला तपासायला घेऊन गेला होता. दवाखान्यातल्या बाकावर बसल्या बसल्याच ती गेली, म्हणाला.

कौशल्याबाईंनी पाइप बाजूला केला. कुणीतरी हंडे घरी पोचवले.

तेराव्यापर्यंत पाणी शेजाऱ्यांनीच आणून दिलं. मग पाहुणे परतले. घरात विठ्ठलराव उरले आणि वच्छलाबाईंची झाडं.

झाडं न्हाणीत होती. सूतगिरणीच्या कामगारांची ती वसाहत. घरापुढं अंगण होतं, पण असल्या दुष्काळात अंगणात काही टिकत नव्हतं. फाल्गुनात वच्छलाबाईंनी एकेक कुंडी उचलून न्हाणीत आणली. तिथं गारवा होता, उत्तरेला लहानशी खिडकी होती. मोगरा तिथं रुसला. तुळस न्हाणीत नेणं शोभत नव्हतं, ती दारातच राहिली. नेचा, ब्राह्मी, अळू मात्र अंगणापेक्षा जास्त फुटले.

"आंघोळ करायची का जंगलात शिरायचं?" विठ्ठलराव कुरकुरायचे.

"शिरा. वाघ न्हाई तिथं," वच्छलाबाई म्हणायच्या. "आन् साबण लावू नका, मुळं जळत्यात. डाळीचं पीठ ठिवलंय."

ते परातीत पाट टाकून बसत आणि अर्ध्या बादलीत उरकत. परातीत साठलेलं पाणी झाडांना जायचं. मग वच्छलाबाई न्हाणीत जाऊन दार लावून घेत. त्यांचंही पाणी झाडांनाच.

माणशी तीन हंडे, असा वसाहतीच्या सोसायटीचा नियम होता. वाटप कडक ठेवा, असं सभेत विठ्ठलरावच म्हणाले होते. ते गिरणीवर रात्रपाळीचे पहारेकरी. टँकर यायचा तेव्हा झोपलेले असायचे. घरातली पाण्याची भांडी वच्छलाबाईंच्या ताब्यात होती. विठ्ठलरावांनी कधी झाकण उघडून पाहिलं नव्हतं.

आता आंघोळ एकाची. म्हणजे पाणी अर्धं, आणि झाडंही अर्धी करायला हवीत, असं त्यांनी मनाशी धरलं.

गिरणीतला जुना सोबती बंकट भेटायला आला, तो न्हाणीच्या उंबऱ्यावरच टेकला.

"कोणतं ठिवायचं, सांग," विठ्ठलराव म्हणाले.

"मला कावून इचारतो बे? मी तंबाखूशिवाय दुसरं पान ओळखत न्हाई."

"जीभ लई चालती तुझी. जरा डोळे चालव."

बंकटनं कुंड्या निरखल्या. "ते तलवारीवानी उभं हाय, ते ठिव. ते मेलं तरी महिनाभर कळत न्हाई. कोरफड ठिव. मनीप्लांट तर बाटलीत बी जगतंय."

"आन् नेचा?"

बंकटनं त्याच्या पानांवरून हात फिरवला. "ह्याला रोज पाणी लागंल."

"तिचा लई जीव होता ह्याच्यावर."

"मग ठिव की."

"ठिवून डोळ्यासमोर वाळवू?"

बंकट पोतं आणायला उठला.

विठ्ठलरावांनी नेचा आणि ब्राह्मी मुळासकट उपटली. दुसऱ्या कुणाला द्यावी, तर पाणी सगळ्यांकडंच मोजकं. बंकटनं ती पोत्यात भरून शेळ्यांसाठी नेली. अळूला शेळ्या तोंड लावत नाहीत. ते कचऱ्यात गेलं.

पुढचा टँकर आला त्या दिवशी विठ्ठलराव झोपले नाहीत. हंडे घेऊन रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर म्हणाले, "कौशल्याबाई, आमच्या घरचा एक वाटा कमी करा. कुणी बोट दाखवायच्या आधी मीच सांगतो."

"कोणता वाटा, भाऊ?"

"हिचा. आता मी एकटाच हाय."

मागच्या बायका खाली बघू लागल्या. कौशल्याबाईंनी हंड्यात पाइप सोडला.

"तो चैतातच बंद झालाय. वहिनीनंच बंद करायला लावला."

"तिनं? कावून?"

"भामाबाईची लेक माहेरी आली बाळंतपणाला. पाहुण्याला वाटा न्हाई, माहेरवाशीण तिच्या सासरच्या गावात मोजायची, हे सभेत तुमीच मांडलं. समद्यांनी हात वर केले, मी बी केला. मग पोरगी झाली. ओल्या बाळंतिणीनं बिनपाण्याचं काय करावं? वहिनी म्हणल्या, माझे तीन हंडे तिकडं घाला. फक्त ह्यांना सांगू नका."

पहिला हंडा भरला. विठ्ठलरावांना तो उचलायचं सुचलं नाही. कौशल्याबाईंनीच सरकवला.

"रोज दार लावून घ्यायची ती," ते म्हणाले. "आंघोळीला."

"फडकं भिजवून अंग पुसायच्या, भाऊ."

"आन् झाडं?"

"तुमच्या एकट्याच्या परातीवर. तेवढ्यात समदी जगत्यात, म्हणायच्या."

तीन हंडे भरले. चौथा त्यांनी पुढं केला नाही.

भामाबाईचं घर टँकर थांबतो तिथून दिसतं. दोरीवर लंगोट वाळत असतात. विठ्ठलराव दर टँकरला रांगेत येतात, पाणी घेऊन घरी जातात. त्या पोरीला बघायला जायचं अजून राहिलंय.