शंभर गुणांचा भाडेकरू

“अगं, भिंतींनी दिलेल्या गुणांवर भाडेकरू ठेवू नकोस, आधी चहाला बोलाव,” असं सासूबाई म्हणाल्या, ते मृण्मयीनं हसण्यावारी नेलं. बाळाची झोप मोडणारं कुणी तिला वरच्या मजल्यावर नको होतं. नव्या कायद्याप्रमाणे घराच्या भिंती भाडेकरूचा आवाज मोजून मालकाला शांततेचे शंभरपैकी गुण तेवढे कळवत. बाकी सगळं खासगी. एकटे राहणाऱ्या दिघेकाकांना आधीच्या घरानं नव्वद दिले होते. जागा त्यांनाच मिळाली.

इथेही आधी नव्वदच येत; मग एका सोमवारपासून रोज शंभर येऊ लागले. ती खूश! गुरुवारी सासूबाई खरवस घेऊन वर गेल्या, तर दार उघडेना. शेवटी ते फोडलं. काका सोमवारीच पक्षाघातानं पडले होते, वाचा गेल्यानं हाकही मारता आली नव्हती. “कालपर्यंत जिवंत होते हो,” डॉक्टर म्हणाले.

मृण्मयीचं तुम्हाला एवढंच सांगणं आहे: वरचं घर फार शांत असेल, तर आत्ता जाऊन बेल वाजवा.