आठ वर्षांची सही

"सर, तुम्ही बोट ठेवाल तिथं सही करतो," एकोणीस वर्षांचा प्रज्योत म्हणाला. मी, त्याचा कबड्डीचा प्रशिक्षक, बोट ठेवलं. आमच्या तालुक्याच्या संघाशी आठ वर्षांचा करार झाला. दुखापत झाली तरी पगार चालू राहणार होता. पोरगं मार्गी लागलं, असं मला वाटलं.

पेढा देताना संघाचे मालक हसले. "दोन हजार खुर्च्यांच्या मैदानाच्या तिकिटांवर पुण्याच्या संघाशी बोली कशी लावणार, मास्तर? पोरं कोवळी असतानाच बांधून घ्यायची."

तिसऱ्याच वर्षी प्रज्योतची चढाई राज्यभर गाजली. पुण्याच्या संघानं पाचपट पगार देऊ केला. मालकांनी त्याच्यापुढे तोच करार धरला. अजून पाच वर्षं बाकी होती. दुसऱ्या दिवशी प्रज्योत नेहमीसारखा सरावाला आला आणि माझ्या पाया पडला. मला दोष दिला असता तर बरं झालं असतं.

काल तो धाकट्या बहिणीला घेऊन आला. तीही आता चांगली खेळते, आणि मुलींच्या नव्या संघाचा करार तिच्या हातात होता. मालक तेच, वर्षंही आठच.

"सर, हिनं कुठं सही करायची, तेवढं दाखवा."

मी कपाटातून चष्मा काढला, आणि असला करार आयुष्यात पहिल्यांदाच वाचायला घेतला.