वाघदेवाचा वाटा

भर दुपारी वाघीण यशोदाच्या गोठ्यात शिरली आणि तांबू गायीच्या रिकाम्या खुंट्यापाशी अंग टाकून बसली.

वाघाचा नुसता वास आला तरी गुरं दावी तोडतात. इथे म्हैस डोळे मिटून रवंथ करत होती. तांबूच्या पाडीने तर मान लांब करून वाघिणीचा कान चाटला. वाघिणीने पापणीही हलवली नाही. दाराशी उभ्या यशोदाला तांबू आठवली. शेवटी शेवटी तांबूही अशीच बसायची, मान पुढच्या पायांवर टाकून, दाराकडे बघत.

तांबू गोचिडांनी भरली, चारा सोडला, मूत लाल व्हायला लागलं, तेव्हा यशोदाने तिला रानाच्या तोंडाशी वाघदेवाच्या पाषाणापाशी नेऊन बांधली होती. दोडामार्गाकडच्या त्या वाडीची रीतच तशी. "तुझो वाटो घे म्हाराजा, बाकीच्यांची राखण कर," असं गाऱ्हाणं घालायचं आणि मागे न बघता घर गाठायचं. धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात, आणि वाघदेवाने ते कधी मोजलेही नव्हते. दुसऱ्या सकाळी दावं तेवढं उरलं होतं. सुटले बाई एकदाची, असं यशोदाला वाटलं होतं.

वनखात्याची माणसं आली. गुरांची डॉक्टर नम्रता भुलीची बंदूक घेऊन आली, पण आत पाऊल टाकल्यावर तिने ती खाली ठेवली. वाघिणीने तिला खुशाल ओठ उचलू दिला. हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या होत्या. कानामागे गोचिडांचे घोस लटकत होते. मागच्या पायांखाली शेणात लाल ओल पसरली होती. यशोदाने ती ओल लगेच ओळखली.

"रगतात किडो गेलो असतलो, काकी," नम्रता म्हणाली. "डोळ्यांक दिसणा नाय इतको बारीक. गोचिडीतून जाता नि आतल्या आत रगात खाता. हिना खंयचा तरी गोचिडींनी भरलेला आजारी गोरू खाल्ल्यान असतला."

यशोदाने तांबूच्या खुंट्याकडे बघितलं. "वाचतली मा गो?"

नम्रताने सलाईन लावलं. बाटली निम्मी झाली आणि वाघिणीचं पोट हलायचं थांबलं. नम्रताने सुई काढून घेतली.

"ह्या रानात ही एकच मादी उरलेली," ती म्हणाली.

यशोदा वाघिणीच्या डोक्यापाशी बसली. "माका वाटला, शिकारीक इली. ती दिलेला परत करूक इली गो."

माणसांनी वाघिणीला झोळीत घातलं आणि बाहेर काढलं. तशी पाडी दाव्याला हिसके देऊन हंबरायला लागली. तांबूला नेलं त्या दिवशी हंबरली होती, तशीच.