सरळ, मग डावीकडं

"दोंदे एस्ता ला कातेद्राल?" सेव्हियाच्या गल्लीत एका अनोळखी बाईनं मला विचारलं. कॅथेड्रल कुठंय?

हेच वाक्य माझी बायको, शैला, वर्षभर घोकत होती. स्पेनच्या सहलीसाठी आम्ही घरीच सराव करायचो. विचारायचं तिनं, सांगायचं मी. आमचं कॅथेड्रल म्हणजे देवघर. मी सांगेन तस्सं चालत जाऊन ती संध्याकाळचा दिवा लावायची.

मार्चमध्ये शैला गेली. "बाबा, तुम्ही तरी जाऊन या," म्हणत लेकीनं मला बळेच विमानात बसवलं. इथं सकाळपासून रस्ता चुकलोय. पण विचारायचं काम शैलाचं. मला नुसती उत्तरं येतात.

"तोदो रेक्तो," मी सवयीनं म्हणालो, "लुएगो आ ला इस्किएर्दा." सरळ, मग डावीकडं.

"ग्रासियास" म्हणत बाई भरवशानं निघाली. हा आमच्या देवघराचा रस्ता आहे, हे तिला कुठल्या भाषेत सांगू?