चालत्या गाडीतली राणी

पुठ्ठ्याचा मुकुट. टोपलीतली कोंबडी. मलकापूरची पाटी. वाघाची सुतळीची शेपटी.

मुक्ताचे बाबा एसटीचे ड्रायव्हर. शाळेच्या दर गॅदरिंगला ते ड्युटीवर. म्हणून यंदा मॅडमच्या मागे लागून तिने वर्गाचं नाटकच त्यांच्या गाडीत आणलं.

"मी रस्ता पाहू का तुले पाहू?" गाडी सुरू करत बाबा म्हणाले.

"नका पाहू. ऐका फक्त."

वळणावर गाडी झुकली, मुकुट घसरला. टोपलीवाली आजी ओरडली, "खाली बस वं पोरी, पडशील!"

"राणी बसत नाही, आजी! सरका, वाघ येऊन राह्यला!"

दांडी धरून मुक्ता शेवटच्या वाक्यापर्यंत उभी राहिली. टाळ्या पडल्या. बाबांची मान समोरच.

सकाळी आगारातून गाडी काढण्याआधी त्यांनी आतला आरसा मधल्या वाटेकडे वळवून घेतला होता.